साध्या पाण्याचे उंदीर

उज्वला पगार मूळची कळवणची. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवता शिकवता, मुलगी बारावीला गेल्यावर तिनं पीएचडीला नाव घातलं. विषय निकोटीनचं व्यसन. पांढऱ्या उंदरांचे दोन गट. एकाला निकोटीन घातलेलं पाणी, दुसऱ्याला साधं. मग निकोटीन बंद केल्यावर मेंदूत काय बदलतं ते तपासायचं.

वर्ष होत आलं आणि रक्ताचे अहवाल आले, तेव्हा साध्या पाण्याच्या उंदरांतही निकोटीन निघालं. तिचे मार्गदर्शक ज्ञानेश सर वयानं तिच्याहून लहान.

"मॅडम, हा गटच बाद झाला. आता तुलना कशाशी करणार?" ते म्हणाले.

उज्वलानं पाण्याची टाकी धुवून घेतली, खाद्य बदललं, बाटल्या नव्या आणल्या. पुन्हा तेच. शेवटी तिनं उंदरांची निगा राखणाऱ्या बहिरूला धरलं.

"खरं सांगा, तंबाखू खाऊन आत येता ना?"

"मी माळकरी हाय, मॅडम," बहिरू म्हणाला. "सुपारीबी खात नाय." आणि दिवसभर तो तिच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजच्या बाथरूममध्ये दात घासत होती. घरून घासूनच आली होती. ही दुसरी वेळ, मिशरीची. तव्यावर काळी भाजलेली तंबाखू आई दातांना लावायची, तिचं बघून उज्वलालाही लहानपणीच सवय लागली. नवऱ्याला माहीत होतं, कॉलेजात कुणालाच नाही. चूळ भरून तिनं बोट नळाखाली धरलं. नखाच्या कडेला काळी रेघ राहिली होती.

उंदीर हाताळताना ती हातमोजे घालायची. बाटल्या भरताना नाही. ओल्या हातमोज्यांतून रबरी बूच घट्ट बसत नसे, म्हणून ती उघड्या हातानं दाबायची आणि नळीचं टोक बोटानं पुसायची. तेच टोक उंदीर चाटायचे.

तिनं तेच बोट शुद्ध पाण्यात बुडवलं आणि ते पाणी पुढच्या नमुन्यांबरोबर तपासायला पाठवलं. अहवाल आला. निकोटीन भरपूर.

आधी तिनं बहिरूची माफी मागितली. मग सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ते माझ्यामुळे झालं. मी मिशरी लावते."

"तुम्ही? व्यसनावर तुम्ही काम करता, मॅडम."

"म्हणूनच सांगतेय."

प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला, पण उंदरांच्या खोलीत उज्वलानं जायचं नाही. पाणी, वजन, रक्त, सगळं तिच्याच विभागात शिकवणाऱ्या शुभांगी मॅडम बघणार. स्वतःच्या प्रयोगाचे आकडे उज्वलाला फोनवर मिळू लागले. एकदा शुभांगी म्हणाली, "अगं, चार उंदीर फार छान माणसाळलेत," तेव्हा तिनं फक्त त्यांची वजनं लिहून घेतली.

या वेळी साध्या पाण्याचे उंदीर अगदी स्वच्छ निघाले. सरांनी पेढे मागवले. उज्वलानं पेढा खाल्ला. तिच्या हाताशिवाय सगळं बरोबर येतं, हे आता कागदावर सिद्ध झालं होतं.

मिशरी सोडायचा प्रयत्न तिनं केला. दोन वेळा केला. पहिल्या वेळी वर्गात एका मुलीवर विनाकारण ओरडली, दुसऱ्या वेळी पेपर तपासायला बसली तर ओळच डोक्यात शिरेना. चिडचिड, लक्ष न लागणं, हे सगळं तिनं आपल्या प्रबंधात लिहिलेलंच होतं.

शेवटी ती व्यसनमुक्तीच्या ओपीडीत गेली. समुपदेशक तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्यानं मेंदूचं चित्र काढून डोपामिन म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली.

"ते मला ठाऊक आहे," उज्वला म्हणाली. "शिकवते मी ते. सोडायचं कसं, तेवढं सांगा."

तो थोडा गोंधळला. "मॅडम, आधी मेंदूत काय होतं ते समजलं की सोपं जातं," असं म्हणून त्यानं चित्र पुन्हा पहिल्यापासून समजावायला घेतलं.