जुन्या अभ्र्याची लेस

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. अंबडहून जालन्याला येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर उशीचा विरलेला अभ्रा होता आणि त्याच्या कडेची क्रोशाची लेस ती सुईनं एकेक टाका उसवत काढत होती. बस आदळली की तिचा हात थांबायचा.

"फाटलाय की. टाकून द्यायचा," मी म्हणाले.

"कपडा फाटला, लेस कुठं फाटली?" ती हसली. "माझ्या आजीनं विणलेली हाय. हा चौथा अभ्रा. आता नव्याला लावते, लेकीच्या रुखवतात ठेवायला."

तिनं लेस बोटांभोवती गुंडाळली. एखादं तरी फूल तुटलेलं असावं म्हणून मी निरखून पाहिलं. एकही नव्हतं.

माझ्या आईनंही सहा अभ्र्यांना अशीच लेस विणली होती. कापड विरलं म्हणून मी ते लेसेसकट बोहारणीला दिले आणि एक पातेलं घेतलं. वर हुज्जत घालून झाकणही मिळवलं.

"तुमच्याकडं न्हाई का अशी?" तिनं विचारलं.

"आहे ना. पेटीत आहे."

घरी येऊन मी त्याच पातेल्यात दूध तापवलं. त्याला अजून साधा पोचाही आलेला नाही.