तिला सगळं पाठ होतं

"काळजी करू नका ताई, मला सगळं पाठ आहे," असं म्हणून ती पदर कमरेला खोचायची आणि हातातली नाटकाची वही मिटून टाकायची. प्रॉम्प्टिंगला उभ्या राहिलेल्या बाईनं वही मिटलेली तुम्ही कुठे पाहिली आहे का? बाकीच्यांना तिच्या या वाक्यानं धीर यायचा. मला घाम फुटायचा.

अमेरिकेतल्या चँडलरमध्ये तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. गणपतीत आम्हाला एका शाळेचा हॉल मिळायचा आणि तिथे आम्ही तीन अंकी नाटक करायचो. नायिका मी. चार वर्षं मीच. कॉलेजात असताना अभिनयाचं एक बक्षीस मिळालं होतं, त्यावर माझा सगळा तोरा. ती नवऱ्यामागून नवीनच आली होती. पहिल्याच तालमीला तिनं सांगून टाकलं की तिला काम नको, फक्त विंगेत उभं राहायचंय. माझा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

एका शनिवारी दुपारी तिनं मला घरी बोलावलं आणि टीव्हीवरून टेप केलेला हॉलिवूडचा एक जुना, ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर लावला. मधल्या जाहिरातींसकट. गोष्ट पडद्यामागची: नाचगाण्याचं नाटक बसतंय, दिग्दर्शक खेकसतोय, मुली नाचून नाचून दमल्यात. ऐन प्रयोगाच्या तोंडावर मुख्य नटीचा पाय मोडतो, तिच्या जागी कोरसमधली एक पोर उभी राहते आणि एका रात्रीत स्टार होते. तिला तोही पिक्चर पाठ होता. पोह्यांची बशी हातात धरून ती नटांच्या आधीच ओठ हलवत होती आणि पायानं कार्पेटवर ताल धरत होती. शेवटी जुनी नटी लंगडत येऊन त्या पोरीला शुभेच्छा देते, तिथे हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला दर वेळी हिचंच वाईट वाटतं," ती म्हणाली.

मी पोहे संपवले. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं की ही बाई माझा पाय मोडायची वाट बघतेय. तो हसला. मी हसले नाही.

आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी, पार्किंग लॉटमध्ये सेटचं सामान उतरवताना, माझा डावा पाय मुरगळला. टम्म सुजला. दुसऱ्या कुणी सरळ फोन करून सांगितलं असतं, कारण बदली तयार होती, तिला सगळं पाठ होतं. नेमकं म्हणूनच मी सांगितलं नाही. नवऱ्यालाही शपथ घातली. पायाला करकचून बँडेज बांधलं, साडी जरा खाली नेसले आणि तिन्ही अंक पाय ओढत केले. दुसऱ्या अंकात अशी कळ आली की वाक्यच विसरले. तिनं ते विंगेतून दिलं, इतकं हळू की पहिल्या रांगेलाही कळलं नाही. मला तिचा रागच आला.

मेकअप पुसत होते तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"ताई, ते पाय ओढत चालणं कुठून सुचलं हो तुम्हाला? रिहर्सलला नव्हतं. त्या बाईनं काय काय सोसलंय ते नुसत्या चालण्यातनं दिसलं."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "भूमिकेचा विचार केला की सुचतं गं." ती माझ्याकडे अशी बघत राहिली की पहिल्यांदाच मला ती आवडली.

पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला दूर दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला नोकरी लागली. निरोपाच्या पॉटलक जेवणाला मी पातेलंभर श्रीखंड करून नेलं. लोक म्हणाले, किती जीव आहे हिचा तिच्यावर.

दोन वर्षांनी तिच्याकडून एक व्हिडिओ कॅसेट आली. तिकडच्या मंडळानं तेच नाटक केलं होतं आणि नायिका ती होती. सोबत चिठ्ठी: "ताई, तुमच्यासारखंच करायचा प्रयत्न केलाय. पाहून कळवा."

घरात कुणी नसताना मी ती लावली. ती स्टेजवर आली ती डावा पाय ओढत. माझं मुरगळणं तिनं जसंच्या तसं उचललं होतं. फरक इतकाच की मी दुखणं लपवायला धडपडत होते, आणि तिला कसलंही दुखणं नसताना नाटकातल्या त्या बाईचं दुखणं मला टीव्हीसमोर बसून सोसवेना. इतकं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं. माझा असा जळफळाट झाला की टेप बंद करून मी आधी भांडी घासली. मग पहिल्यापासून पुन्हा लावली.

कळवायला तीनदा कागद घेतला. तुझं काम माझ्यापेक्षा उजवं झालं, एवढं लिहिलं तरी पुरलं असतं. पण ते लिहायचं तर पायाचंही लिहावं लागणार होतं. माझ्याच्यानं झालं नाही. पुढे ती तिथूनही हलली आणि पत्ता राहिला नाही.

कॅसेट अजून आहे. शेवटी ती नमस्कार करते, टाळ्या थांबतच नाहीत, आणि मग ती दोन्ही पायांवर ताठ, भरभर चालत विंगेत निघून जाते. मी तेवढंच मागे नेऊन पुन्हा पाहते. माझा डावा पाय थंडीत अजून ठणकतो.