वहिनीच्या भोपळ्याच्या शेवया

दादाचा फोन आला तेव्हा मी वाकडच्या घरी कुकर लावत होते. एरवी फोन उचलल्या उचलल्या "काय चाललंय" म्हणणारा माझा भाऊ त्या दिवशी थेट मुद्द्यावर आला. म्हणाला, "माई, तुझी वहिनी गेली गं." मी गॅस बंद केला आणि आहे त्या साडीवर रिक्षा पकडली. वाकडहून पिंपळे सौदागर ते काय लांब, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. रंजनावहिनी आजारी होती, हा दिवस येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही रिक्षात एकच गोष्ट मनात घोळत होती... ज्या माणसाला जगवायला ही बाई कंबर कसून उभी राहिली, तो मागे राहिला आणि तीच पुढे गेली.

ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी चौथीत होते. माझी वेणी तिनेच घालायची असा माझा हट्ट असायचा, आणि ती मात्र मला रीतसर "वन्सं" म्हणायची, तेही अहोजाहो करून. पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, निवृत्तही झाले, पण तिचं "वन्सं, तुमी" काही सुटलं नाही. तिचं माहेर चाकणच्या पलीकडचं, शेतकऱ्याचं. आमचीही तेव्हा सौदागरात ज्वारी उभी असायची. पुढे तिथे सोसायट्या आल्या, आम्हीही चार मजले चढवले, आणि शेती म्हणावी तर चाकणजवळ घेतलेला एक तुकडा तेवढा उरला. वहिनीने तो तुकडा कधी पडीक ठेवला नाही. मेथी, वांगी, दोडका, काही ना काही असायचंच. आणि रविवारी तिच्या हातचं काळं मटण. त्या मटणासाठी भावकीतली माणसं काहीतरी काम काढून आमच्याकडे यायची. दादा कंपनीत कामाला होता तेव्हा रविवारचा ओव्हरटाइम त्याने कधी घेतला नाही, त्याचं कारणही तेच होतं.

दादाला हृदयविकाराचा झटका आला तो निवृत्तीनंतर, घराच्या जिन्यात. वेळेवर दवाखाना गाठला, शस्त्रक्रिया झाली, निभावलं. घरी सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की तेलातुपाचं आणि मटणाचं खाणं आता बंद, भाताचा ढीग बंद, साखरही वाढलेली आहे, हे पाळलं नाही तर पुढच्या खेपेला मी काही करू शकणार नाही. दादा खाली मान घालून बसला होता. वहिनी डॉक्टरांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. गाडीत बसल्यावर ती हळूच मला म्हणाली, "वन्सं, नुसती उकडलेली भाजी ह्यांच्या घशाखाली जायची न्हाई. मटणाची हौस भागंल, पर मटण नसंल, असं काय तरी शोधाय पायजे."

तिला आठवला तो अमेरिकेतला एक पदार्थ. आमच्या अश्विनीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या बाळंतपणाला ती तिकडे जाऊन राहिली होती. तिथे एक पिवळा, लांबट भोपळा मिळतो. तो चिरून भट्टीत भाजला की आतला गर काट्याने ओढताच शेवयांसारखा सुटतो. वर टर्कीचा खिमा, टर्की म्हणजे कोंबडीहून थोराड असा एक पक्षी, मांस बिनचरबीचं. "पोट भरतं आन् जड व्हत न्हाई," असं ती तिकडून आल्यावर म्हणाली होती, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं होतं. आता तिने अश्विनीला फोन लावून सगळं नीट विचारून घेतलं आणि कामाला लागली.

भोपळा इथे मिळेना. वाकडच्या मॉलमध्ये परदेशी भाज्यांच्या कप्प्यात सगळं होतं, तेवढा तो नव्हता. डांगे चौकातल्या भाजीवाल्याने तिला लाल भोपळा दिला, "काकू, भोपळा तो भोपळा." तिने तोही भाजून पाहिला, त्याचा लगदा झाला. मग मुलाला सांगून मोबाइलवरून बी मागवलं आणि चाकणच्या तुकड्यात लावलं. पहिल्या हंगामात फळमाशीने एकही फळ धड ठेवलं नाही. दादा म्हणाला, "सोड की नाद." ती म्हणाली, "वेल आलाय न्हवं? मग फळबी येईल." पुढच्या खेपेला तिने मांडव घातला, प्रत्येक कोवळ्या फळाला जुन्या साडीच्या चिंधीची पिशवी बांधली, आणि ते पिवळेधमक भोपळे गाडीच्या डिकीत घालून सौदागरात आणले. टर्की पाळणारं एक कुटुंब तिने तिच्या माहेरच्या बाजूलाच हुडकून काढलं. खिमा करायला थेरगावच्या खाटकाकडे गेली तर तो म्हणाला, "काकू, ही कोंबडी आहे का मोर?" ती म्हणाली, "तू कातडं काढ आन् निस्ता छातीचा खिमा कर."

ओव्हन मुलाच्या लग्नात आलेला, खोक्यासकट माळ्यावर पडला होता. तो खाली आला. भोपळ्याचं साल इतकं टणक की सुरी चालेना, वहिनीने कोयता घेतला. उभा चिरला तर शेवया तोकड्या निघतात, आडवा चिरला की लांब निघतात, हे तिला दोन-चार भोपळे वाया गेल्यावर कळलं. बिया काढायच्या, आतून तेलाचा हात फिरवायचा, पालथं घालून भाजायचं. खिमा कांदा, लसूण, टोमॅटोवर परतायचा. टर्की कोरडी पडते म्हणून तिने त्यात घट्ट दही घातलं आणि आमच्या घरच्या मसाल्याची चिमूट टाकली. ही दोन्ही तिची स्वतःची भर. मग शेवया आणि खिमा एकत्र करून भोपळ्याच्या त्याच रिकाम्या करवंट्यांत भरायचं, वर किंचित चीज, आणि पुन्हा ओव्हनमध्ये. पहिल्यांदा तिने ते टेबलावर आणलं तेव्हा मी तिथे होते. घरभर भाजलेल्या लसणाचा वास सुटला होता. दादाने दोन घास घेतले, ताट सरकवलं आणि म्हणाला, "मी हे गवत खाणार न्हाई."

तो उठून गेला. वहिनीने त्याचं ताट झाकून ठेवलं. पण नंतर तिच्या कानावर आलं की दादा अधूनमधून चाकण रस्त्यावरच्या एका खानावळीत मित्रांबरोबर मटण खाऊन येतो. पुढच्या रविवारी ती मला म्हणाली, "वन्सं, चला माझ्यासंगं." आम्ही दोघी रिक्षाने तिथे गेलो. दादा मित्रांत बसला होता, समोर ताट आलेलं होतं. वहिनी त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली आणि पोऱ्याला नाही, थेट मालकाला म्हणाली, "ह्यांच्यासारखंच एक ताट मला द्या." वहिनीला स्वतःला रक्तदाब होता, असलं खाणं तिलाही मना होतं. दादा कुजबुजला, "अगं, हितं कशाला आलीस?" ती शांतपणे म्हणाली, "जेवाया. तुमी जेवडं खाशाल तेवडं मीबी खाणार. तुमाला जायाची घाई हाय तर माझीबी तयारी हाय. एकलीनं मागं ऱ्हायाचं काम माझ्याच्यानं व्हणार न्हाई."

ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. ताट आलं तशी तिने भाकरी मोडली. दादाने तिच्या हातातला घास धरला, बराच वेळ धरून ठेवला... आणि म्हणाला, "चल घरी."

त्यानंतर तो सुधारला असं एका वाक्यात लिहिलं तर ते खोटं होईल. कुरकुर चालूच होती. पण तो खायला लागला, आधी नाइलाजाने, मग सवयीने, आणि पुढे तर पाहुण्यांना स्वतःच आग्रह करायला लागला. भावकीतली माणसं आधी नाकं मुरडायची, मग त्यांच्याही घरात कुणाला साखर, कुणाला झटका... तशा बायका वहिनीला भोपळ्याचं बी मागायला लागल्या. दादाचं पोट उतरलं, रोज सकाळी चालायला लागला. तपासणीला वहिनी बरोबर असायचीच. डॉक्टर दादाशी बोलायचे आणि ती उत्तरं द्यायची.

अशी चांगली वर्षं गेली आणि मग वहिनीचं जेवण कमी झालं. तिने अंगावर काढलं, आम्हीही वयाचं असेल म्हणालो. स्कॅन झाला तेव्हा कळलं की यकृताचा कॅन्सर आहे आणि तो बराच पसरलेला आहे. दवाखान्यातून आल्यावर ती एक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दादाला हाक मारली, आधार घेत स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "आजपास्नं तुमी करायचं. मी सांगते."

सून म्हणाली, "आई, मी करीन ना बाबांचं." वहिनी म्हणाली, "तू नोकरी करतीस, तुला पोरं हायती. ह्यांचं ह्यांना आलं पायजे." दादाने जन्मात चहासुद्धा केला नव्हता. त्याचा पहिला खिमा करपला, दुसरा कच्चा राहिला. तिला स्वतःला दोन घासही जात नव्हते, पण प्रत्येक वेळी जिभेवर ठेवून बघायची. "मीठ जास्ती झालं. डॉक्टरनं काय सांगितलंय?" एकदा दादा चिडून कोयता खाली ठेवून म्हणाला, "तू चाललीस आन् मी भोपळं कापत बसू व्हय?" ती म्हणाली, "व्हय. माझ्यासमूर कापा. मला बघू द्या." त्याने डोळे पुसले आणि पुन्हा कोयता उचलला. जाण्याआधीच्या आठवड्यात त्याने केलेलं तिने चाखलं आणि काहीच चूक काढली नाही, नुसती मान डोलावली. दादाने मला तसं फोन करून सांगितलं होतं.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. तपासणीला पहिल्यांदाच एकटा गेला होता. म्हणाला, "माई, रिपोर्ट चांगला आलाय. डॉक्टर खूश हायती." मग म्हणाला, "घरी येऊन कुणाला सांगावं कळंना, म्हणून तुला फोन केला." मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "जेवायलाच ये. आज माझाच सैपाक हाय."

मी गेले तेव्हा ओव्हन चालू होता आणि दादा कमरेला पंचा गुंडाळून कांदा चिरत होता. सून मदतीला आली तर त्याने तिला परत पाठवलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. मी म्हटलं, छान झालंय. त्याने एक घास नीट चावून खाल्ला, विचार केला आणि म्हणाला, "छान न्हाई, बरं झालंय. तिच्यावानी व्हाया येळ लागंल." आणि स्वतःच्या हाताने पुन्हा वाढून घेतलं.