खळ्यातलं लग्न

माझं लग्न खळ्यात लागलं. भात झोडून झालं होतं, खळं सारवलेलं होतंच, तेवढा खर्च वाचला. चार बांबू आमच्याच बांधावरचे, वर आंब्याचे टहाळे. एवढाच मांडव. हल्ली लोक हौसेनं उघड्यावर लग्नं करतात म्हणे. आम्हाला हौस नव्हती. बाप भाद्रपदात गेला होता. घरात मरण झालं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. कोन गावची, नवऱ्याकडची माणसं थांबणार नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

बाप मिठागरावर राबायचा. तो असता तर पनवेलहून बत्त्या आणल्या असत्या, असं सगळे म्हणत. मला वाटतं, तेव्हाही आणल्या नसत्या.

मला मांडवाचं काही नव्हतं. आईचं होतं. ती विधवा झालेली, म्हणून तिनं मांडवात यायचं नव्हतं, हळदीला हात लावायचा नव्हता. आणि खळं घरापासून लांब, मधे भाताच्या पेंढ्याची उडवी. दारातून काहीच दिसत नव्हतं. मी मामाला म्हटलं, "आंगनात लावा ना लगीन. आय दाराआडून बघंल तरी."

"आंगनात धा मानसा बसतील," मामा म्हणाला. "बाकीचा वऱ्हाड काय कौलावर बसवू? कावले हायेत का ते?"

बायका हसल्या. विषय संपला.

मग मी धवलारणीकडे गेले. आमच्या लग्नात भटजी नसे, धवलारीणच गाऊन लग्न लावी. हळदीचा धवला वेगळा, बाशिंगाचा वेगळा, माळेचा वेगळा. कान दिला की न बघता कळतं, आता काय चाललंय. मी म्हटलं, "आजे, मोठ्यानं गा. आय घरात बसून आयकंल."

ती तंबाखू चोळत होती. "माजा गला कवा बारीक व्हता गो? पार रोडपालीपरत आयकू जातंय."

खरंच होतं ते. हळदीच्या दिवशी तिचा आवाज थेट चुलीपाशी पोचला. रात्री आई म्हणाली, "समदा समाजला मना." बाप गेल्यापासून ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

लग्नाच्या दिवशी कोनहून गाड्या आल्या. पुढच्या गाडीत बाजा. ढोल, ताशे आणि दोन सनया. मामा पुढे झाला. "दुखाचा घर हाय. बाजा नको असा ठरला व्हता ना?"

"दुख तुमच्या घरान," सासरा म्हणाला. "आमच्या घरान लगीन हाय. बाजा आमच्या पैशाचा. तुमी फकस्त आयका."

मामा गाडीच्या वाटेतून बाजूला झाला. मुलीकडचा होता, दुसरं काय करणार.

बाजा सुरू झाला तो थांबलाच नाही. धवलारणीचे ओठ हलताना मला दिसत होते. एकदा ती उठून ताशेवाल्यावर ओरडली, तर त्याला वाटलं, आणखी जोरात वाजव म्हणते. तिच्या शेजारी बसूनही मला शब्द कळेना. अंतरपाट कधी दूर झाला तेही मला कुणीतरी ढोसलं तेव्हा समजलं. माळ घातली, लोकांनी तांदूळ टाकले, झालं.

निघायच्या आधी मी घरात गेले. आई चुलीमागे भिंतीला टेकून बसली होती, उजवी मूठ मिटलेली.

"लागला?"

"कवाच."

"मना बाजाच आयकू आला," ती म्हणाली. "मी बसली व्हती. म्हटला, आता मालंचा धवला यल, मंग टाकीन."

तिनं मूठ उघडली. आत तांदूळ, घामानं हाताला चिकटलेले.

"आता टाक ना."

"वेल गेली गो. आता टाकून काय, कोंबऱ्या खातील." तिनं हात झटकून तांदूळ मडक्यात परत टाकले आणि वर झाकण ठेवलं.

बाहेर गाडी जुंपली होती. सासूनं हाक मारली. मी पाया पडायला वाकले तर आईनं पाय मागे घेतले, पदराखाली झाकले. नव्या नवरीनं विधवेच्या पाया पडू नये, हे तिलाही वाटत होतं. मी तशीच निघाले.