थोरल्यांच्या पाटीखालचं उत्तर

ज्या सर्च इंजिनाला सगळं जग प्रश्न विचारतं, त्याला मी मनातल्या मनात 'थोरले' म्हणायचो. रियाधमधली आमची छोटी कंपनी या थोरल्यांशी दोन हात करायला निघाली होती. इथल्या लोकांना त्यांच्या बोलीतल्या प्रश्नांची नीट उत्तरं देईल असं सर्च इंजिन आम्ही बांधत होतो. बाजारातला आमचा वाटा विचाराल तर वरणातलं मीठसुद्धा त्याहून जास्त भरेल.

तरी मला ते काम मनापासून आवडायचं. मी जन्माचा चौकस. माणूस रोज एकाच दारात का जातो, शेजारचं दार नुसतं ढकलून का बघत नाही, याचं मला भारी कुतूहल. घरी मात्र सवाल रोकडा होता. बायको आणि मुलगी माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, राहत होत्या. मुलगी दहावीला होती. कंपनीने गाशा गुंडाळला तर तिला वर्ष अर्ध्यात टाकून पुण्याला जावं लागणार होतं.

आमचे कफील, म्हणजे ज्यांच्या हमीवर परदेशी माणसाला इथे राहता येतं ते, कंपनीचे मालकच होते; एक घाव दोन तुकडे करणारे. म्हणाले, "या मुहंदिस, लोकांना दोघांची उत्तरं शेजारी शेजारी दाखवा. आपली बरी ठरली तर पुढे जाऊ. नाहीतर खलास." 'या' म्हणजे 'अहो' आणि मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मला नावाने हाक त्यांनी कधी मारलीच नाही.

दुपारच्या नमाजानंतर लोक यायचे. खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन संगणकापुढे बसायचे. प्रश्न त्यांचेच. थंडीत वाळवंटात तंबू ठोकायला परवाना लागतो का, उंटांची शर्यत कधी आहे, असले. पहिल्या फेरीत कुठलं उत्तर कुणाचं हे झाकलं होतं आणि आम्ही थोडे पुढे राहिलो. मी घरी कुनाफ्याची मिठाई घेऊन गेलो. मग मालक म्हणाले, "आता नावं लावा. बाजारात कुणी डोळे बांधून येत नाही." दुसऱ्या फेरीत थोरल्यांनी आम्हाला चारी मुंड्या चीत केलं.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं असेल म्हणून सोडून देता आलं असतं. पण इतका फरक माझ्या पचनी पडेना. लोकांनी लिहिलेले शेरे मी एकेक करून वाचायला घेतले. एकाने थोरल्यांची तोंडभरून स्तुती केली होती: 'यांनी हिजरी तारीखही दिली आहे, किती विचार केलाय!'

मी थबकलो. हिजरी तारीख फक्त आमचं इंजिन द्यायचं.

उठलो आणि परीक्षेचं पान उघडलं. मग कपाळावर हात मारला. ते पान मी मराठी माणसाच्या डोळ्यांनी बांधलं होतं, डावीकडे आम्ही, उजवीकडे थोरले. पान अरबीत, म्हणजे उजवीकडून सुरू होणारं केल्यावर उत्तरांच्या रकान्यांनी आपोआप बाजू बदलल्या होत्या. नावांच्या पाट्या मी चित्रं म्हणून चिकटवल्या होत्या, त्या जागच्या हलल्याच नव्हत्या, आणि या फेरीत मतं पाटीवरच्या नावानेच मोजली होती. आमचं उत्तर थोरल्यांच्या पाटीखाली जाऊन वाहवा मिळवत होतं. आणि थोरल्यांच्या उत्तरावर, आमचं समजून, कुणीतरी मोठ्या मनाने लिहिलं होतं: 'स्थानिक मुलं आहेत, शिकतील हळूहळू.'

मला हसू आवरेना. आनंदही झाला, खोटं कशाला बोलू! तसाच मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तेही खो-खो हसले, डोळे पुसले. मग खुर्ची पुढे ओढली.

"उत्तर वाईट असतं तर मी तुम्हाला आणखी एक वर्ष दिलं असतं," ते म्हणाले. "उत्तर सुधारता येतं. पण आपलंच उत्तर लोक त्यांच्या नावाखाली उचलतात आणि आपल्या नावाखाली त्यांचंही टाकतात, तर मी सुधारू काय?"

चौकसपणा मात्र गेला नव्हता. विचारलं, "तुम्ही स्वतः कुठलं वापरता?"

त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. "फोनमध्ये आधीपासून तेच असतं, या मुहंदिस," ते म्हणाले, आणि फोन पालथा घातला. कंपनी बंद करतो, पण दुसरा कफील मिळेपर्यंत मुदत देईन, असंही म्हणाले. पण सर्च इंजिन बांधणाऱ्याला आता कोण घेणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

घरी बायको आणि मुलगी वाटच बघत होत्या. मी पाट्यांची गंमत आधी सांगितली, अगदी रंगवून. बायको हसली. मुलगी तर टाळ्या वाजवायला लागली. मग उरलेलं सांगितलं. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही. मुलीने मांडीवरचं विज्ञानाचं पुस्तक मिटलं.

"पण बाबा, यू वन, राइट?" ती म्हणाली. "तो फिर हम क्यों जा रहे हैं?"