आठ पिकोसेकंदांची सात वर्षं

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एकच रीडिंग वर्षानुवर्षं परत परत घेणाऱ्या माणसाकडे ते आपोआप साठतात. मी ओतूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि पाण्यावर पीएचडी करत होतो. दोनदा मुदतवाढ झाली होती. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे सात वर्षं पाण्यात!

*

बबनमामा आमच्या लॅबचे जुने मदतनीस, डिंभे धरणाजवळचे. एकदा त्यांना विषय समजावला. पाण्याला विजेचा झटका दिला की त्याचे रेणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात. वीज काढली की पुन्हा विस्कटतात. त्याला लागणारा वेळ म्हणजे रिलॅक्सेशन टाइम. अल्कोहोल मिसळलं की तो वाढतो.

“साध्या पाण्याला किती लागतो?”

“एका सेकंदाचे लाख कोटी भाग करा, मामा. त्यातले आठ.”

मामांनी सावकाश चष्मा पुसला. “अन ते मोजायला तुमाला सात वर्सं?”

मी हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

*

त्याआधी पाचव्या वर्षी शुद्ध पाण्याचीच रीडिंग्ज बिघडली. मशीन उघडलं, केबल बदलली, दोन महिने गेले. शेवटी मामाच म्हणाले, “डिस्टिल वॉटर सपलं व्हतं, सर. तुमचं काम अडाय नको म्हणून मी घरून आणतोय. धरणाचं हाय, लई गोड.”

रागावणार कुणावर? एसटीचा नेम नाही अशा रस्त्यानं हा माणूस दर सोमवारी कॅन मांडीवर घेऊन येत होता. मी दोन महिन्यांचे कागद फाडले.

*

सासरे आणे पठारावरचे. तिकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एकदा जेवताना म्हणाले, “पावणं, तुमचं शोधकाम पाण्याचंच ना?”

“हो.”

“मग आमच्याकडं कवा येतंय?”

बायकोनं विषय बदलला.

*

गाईड सरांनी शेवटचे आलेख बराच वेळ पाहिले. म्हणाले, “उत्तम. अगदी पुस्तकात आहेत तसेच आलेत.”

मग यात नवीन काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी खरंच वाटलं, सोडून द्यावं सगळं.

*

तरी मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंधाच्या चार प्रती विद्यापीठाच्या खिडकीत दिल्या. वर अर्ज, विषय: ‘पाणी व अल्कोहोलच्या मिश्रणातील रिलॅक्सेशन टाइम’. पोच घेतली, बाहेर येऊन चहा प्यायलो. कित्येक दिवसांनी चहाची चव लागली.

एप्रिलमध्ये गठ्ठा परत आला. वर पत्र होतं.

“विषय: रिलॅक्सेशन टाइम मिळणेबाबत. आपणांस यापूर्वी दोन वेळा मुदतवाढ देण्यात आली आहे. यापुढे आणखी रिलॅक्सेशन टाइम देता येणार नाही. सबब अर्ज नामंजूर. सोबतच्या चार प्रती परत.”