पुष्पाबाईंच्या दुपारच्या फेऱ्या

मागच्या दिवाळीनंतर धुळ्यातल्या देवपूरच्या एका गल्लीत एक बातमी फिरत होती. मोठ्याने सांगायची कुणाची छाती नव्हती आणि पोटात ठेवायची कुणाची तयारी नव्हती. बातमी अशी, की पुष्पाबाईंचं कांतीलाल कापडवाल्याशी काहीतरी आहे. बाई साठीला टेकलेली, नवरा केव्हाच गेलेला, अंगभर दुखणं, बसायला चाकांची खुर्ची. तरी दुपारी सुनेचा डोळा लागला की निघते, ती थेट कांतीलालच्या दुकानात. कांतीलालही विधुर. शिवाय केस काळे करतो. एवढा पुरावा आपल्याकडे पुष्कळ झाला.

बातमीचा उगम लताबाईंच्या गॅलरीत. गल्लीतलं मांजरसुद्धा त्या गॅलरीला कळवल्याशिवाय रस्ता ओलांडत नसे.

"रोज रोज इतला कसाना कपडा लागस व बाई?" लताबाईंनी समोरच्या कमलबाईंना विचारलं.

"ब्लाउजपीस घेत असतील."

"रोज? इतला ब्लाउज ती घालस कधी?"

कमलबाईंनी मान डोलावली आणि बातमी पक्की झाली.

आता पुष्पाबाई कोण, ते सांगायला हवं. माहेर पारोळ्याचं. नवरा रुपचंद वरणगावच्या कारखान्यात होता. तिथल्या क्वार्टरमध्ये पुष्पाबाई ब्लाउज शिवायच्या, आणि माप घेताघेता घराघरातली हालहवालही घ्यायच्या. जीभ कात्रीहून धारदार. पुढे दुखणं सुरू झालं. गुडघ्यात आलं, कमरेत मुक्कामाला राहिलं आणि परत जायचं नावच काढेना. निरगुडीचा पाला झाला, गरम वाळूचा शेक झाला, चोपड्याच्या वैद्याचं कडू चूर्ण झालं. रुपचंद गेल्यावर मुलगा भूषण त्यांना धुळ्याला घेऊन आला. तो बँकेत नोकरीला. इथल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्टच सांगितलं, "बाई, दुखणं राहणार आहे. त्याला बरोबर घेऊन काय काय करता येईल ते बघू."

पुष्पाबाईंना चालता येत नव्हतं असं नाही. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जायच्या, मोरीत जायच्या. पण फाटकापर्यंत जाऊन आल्या की उरलेला दिवस खाटेवर. म्हणून फाटक सुटलं, मग बाजार सुटला, मग लग्नकार्यं सुटली. सून पुनम स्वभावाने गुणी. सासूने सांगितलेलं सगळं आणायची, फक्त रंग सोडून. जांभळं अस्तर सांगितलं तर वांगी रंगाचं आणायची आणि म्हणायची, "आत घालायचं ना आई, कोण बघतंय?" पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून निजायच्या.

मग जळगावहून त्यांची मुलगी हेमांगी बॅटरीवर चालणारी खुर्ची घेऊन आली. पुष्पाबाईंनी ती बघितली आणि घर डोक्यावर घेतलं.

"तिरडीच आणायची होतीस ना सरळ!"

"आई, बसून तर बघ."

"यात बसले की मी संपले. उद्या अख्खी गल्ली म्हणेल, पुष्पा गेली कामातून."

हेमांगीही त्यांचीच मुलगी. खुर्ची व्हरांड्यात ठेवून, चार्जिंगचं समजावून ती जळगावला निघून गेली. खुर्चीवर जुनी चादर पडली. उन्हाळा लागला तसं पुनमने चादरीवर धोतर पसरलं आणि त्यावर कुरडया वाळत घातल्या. जागा छान होती, ऊन भरपूर, मुंग्या नाहीत. वर खुर्चीला हॉर्न होता. कावळा आला की पुनम स्वयंपाकघरातून धावत येऊन हॉर्न वाजवायची. देवपुरात एवढं महागडं बुजगावणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात कमलबाईंकडे बिबड्यांचा दिवस ठरला. ज्वारीचा घाटा शिजवायचा, सगळ्या बायकांनी मिळून त्याचे पातळ पापड थापायचे, आणि थापता थापता गरम घाटा तेल घालून खायचा. अख्ख्या गल्लीला बोलावणं गेलं. पुष्पाबाईंना गेलं नाही. यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. "अक्कांना कशाला त्रास?" एवढंच. पण खाटेवर पडल्या पडल्या पुष्पाबाईंना दोन घरं पलीकडचं हसणं ऐकू येत होतं. मग भांडण ऐकू आलं. मीठ बरोबर आहे की कमी, यावर बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या. वरणगावला असताना घाट्याचं मीठ पुष्पाबाईंनी चाखल्याशिवाय कढई उतरत नसे.

त्या उठल्या. भिंत धरत व्हरांड्यात आल्या. अर्ध्या ओल्या कुरडया सुपात लोटल्या आणि खुर्चीत बसल्या. पुनम "आई, वर्षाच्या कुरडया!" म्हणत धावली, तोवर खुर्ची फाटकाबाहेर पडली होती. एक कुत्रं मागे लागलं. पुष्पाबाईंनी हॉर्न दाबला, तसं ते कुत्रं पळालं आणि शेजारची दोन घरं बाहेर आली.

कमलबाईंच्या दारापुढे जाऊन त्या थांबल्या. बायकांचे थापते हात थांबले. शेवटी कमलबाईंनी वाटीत घाटा आणून हातात दिला. पुष्पाबाईंनी चाखला.

"मीठ कमी शे. आणि मला बोलवलं नाही म्हणून अजून कमी शे."

हशा पिकला. पाट, तेल, प्लास्टिकचे कागद, सगळं अंगणात आलं. पुष्पाबाईंच्या मांडीवर ताट ठेवलं गेलं आणि त्यांनी तासभर बिबडे थापले. खांदे दुखले, बोटं दुखली. पण घरी आल्यावर त्या खाटेवर पडल्या नाहीत. बसून भाजी निवडली, भूषणशी डाळीवरून भांडल्या, जेवल्या सगळ्यांबरोबर. निजताना त्यांच्या ध्यानात आलं की आज अंगातली ताकद रस्त्यात सांडली नव्हती. खुर्चीने त्यांना नेऊन पोचवलं होतं आणि ताकद ज्या कामासाठी ठेवायची, त्या कामाला पुरली होती.

दुसऱ्या दिवशी चादर घडी होऊन कपाटात गेली. पुष्पाबाई आधी गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, मग मारुतीच्या पारापर्यंत, मग बाजारात. वांगी स्वतः निवडली. वांगीवाल्या वना मावशींना म्हणाल्या, "ते नको, त्याच्या मागचं. मी खुर्चीत आहे, आंधळी नाही." कुणाला विचारायचं नाही, कुणाला सोबत न्यायचं नाही, कुणाची झोप मोडायची नाही. दुपारी निघायचं, चहाच्या वेळेला परत. चेहऱ्यावर तजेला आला, आणि तिथेच घात झाला. या वयाला बाई एवढी हसते म्हणजे कारण असणारच, असं लताबाईंच्या गॅलरीने ठरवून टाकलं.

बातमी फिरत फिरत भूषणच्या बँकेत पोचली. काउंटरवर एकाने विचारलं, "काय साहेब, कापडाचा धंदा काढताय म्हणे घरात?" आणि बाकीचे दोघे खाली बघून हसले. भूषण घरी आला तो तोंड पाडून.

"आई, उद्यापासून एकटी जाऊ नकोस."

"का? खुर्ची बिघडली?"

"लोक बोलतात."

"काय?"

त्याने सांगितलं. कसंबसं, छताकडे बघत. पुष्पाबाई आधी इतक्या हसल्या की कमरेत कळ आली. मग त्याचा चेहरा बघून हसू थांबलं.

"पुनम नेईल ना तुला. रविवारी मी नेईन," तो म्हणाला.

"म्हणजे पुन्हा तुम्हाला सवड असेल तेव्हा बाजार."

"तसं नाही गं…"

"तसंच शे. सहा वर्षं पडून काढली मी, भूषण. तुमच्यावर राग नव्हता, पण पडूनच होते. आता दार उघडून मी माझी मी जाते. ते बंद करायचं असेल तर खुर्ची विकून टाक. पण त्या खाटेवर मी पुन्हा नुसती पडून राहायची नाही."

भूषणने पायातले बूट काढून ठेवले. मग हळूच म्हणाला, "मग दुसऱ्या दुकानात जा. बाजारात कापडाची चिक्कार दुकानं आहेत."

"उद्या रविवार. चल माझ्याबरोबर. तू सांगशील त्या दुकानात जाते."

दुसऱ्या दुपारी मायलेक निघाले. लताबाई गॅलरीत हजर होत्याच. पहिलं दुकान भूषणने निवडलं. दुकानदार उंच ओट्यावर येऊन म्हणाला, "काय पाहिजे मावशी? इथेच आणून दाखवतो." डोक्यावर ऊन, मागे रिक्षाचे हॉर्न, आणि ओट्यावरून खाली सोडलेलं कापड. दुसऱ्या दुकानात पोऱ्या बाहेर आला, त्याने भूषणलाच विचारलं, "आजींना कुठला रंग हवाय?" तिसऱ्या दुकानात दोन माणसं खुर्ची उचलायला पुढे आली. पुष्पाबाईंनी हात जोडून नको म्हटलं. उचलून घ्यायचं म्हटलं की कमरेत काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. चौथ्या दुकानापुढे भूषण स्वतःच थांबला नाही.

कांतीलालच्या दुकानात खुर्ची सरळ आत गेली. गादीवर त्याची नव्वदीची आई चंदनबाई बसली होती.

"आली का पुष्पा? कांती, पंखा इकडे वळव." मग भूषणकडे बघून म्हातारी म्हणाली, "तू मुलगा? तुझी आई गिऱ्हाईक म्हणून अगदी कुचकामी. तासभर सगळे तागे उलगडायला लावते आणि हुकांचं पाकीट घेऊन जाते."

"तुमच्या दुकानात जांभळा रंगच धड नाही," पुष्पाबाई म्हणाल्या.

काळ्याभोर केसांचा कांतीलाल शिडीवर चढून तागे काढत म्हणाला, "भाऊ, दोघी मिळून माझा जीव घेतात. मी आपला हमाल."

भूषण दारात उभा राहून खाली बघत होता. कांतीलालच्या ते ध्यानात आलं.

"बापूजींच्या वेळी इथे दोन पायऱ्या होत्या. रस्त्यावर रस्ता चढत गेला आणि त्यात त्या बुडाल्या. बाकीच्यांनी ओटे उंच बांधले. आमची माँ दाराला हात लावू देत नाही. पावसाळ्यात पाणी आत येतं, काय करता!"

"मी निघतो, आई," भूषण म्हणाला. "तू ये तुझी सावकाश."

गल्लीत शिरताच वरून आवाज आला, "भूषणभाऊ, एकलाच? आई कथी शे?"

"कांतीलालशेठच्या दुकानात," भूषण म्हणाला आणि घरात गेला.

बाजारातल्या कापडाच्या सगळ्या दुकानांना पायऱ्या होत्या. कांतीलालच्या दुकानाला नव्हत्या. पुष्पाबाई तिथे जायच्या त्या एवढ्यासाठीच.